करपा झेलणारं आणि पोतं भरणारं बटाट्याचं वाण: संकरापासून निवडीपर्यंत

कंदमूळ

बटाट्याचं नवं वाण तयार करण्याची माहिती तुकड्यातुकड्यांत सापडते. संकर एकीकडे, रोगाची तपासणी दुसरीकडे आणि उत्पन्नाच्या चाचणीचं गणित बहुधा कुठेच नाही. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. सुरुवात संकरापासून करतो, पुढचं जाणकारांनी जोडावं.

पहिली अडचण फुलांची. दिवस मोठा (१४ ते १६ तास उजेड) आणि रात्री थंड असतील तरच कळ्या टिकतात. दिवसा २० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्री १२ ते १५ अंश हे उत्तम. दिवस तापू लागले की कळ्या पिवळ्या पडून देठाच्या सांध्यातून गळतात. उजेड कमी पडत असेल तर संध्याकाळी दिवे लावून दिवस लांबवता येतो, उष्णतेवर मात्र तसा उपाय नाही.

दुसरी अडचण अशी की कंद धरू लागले की झाडाचं सगळं अन्न खाली जातं आणि वर फळ पोसत नाही. त्यावर विटेची जुनी युक्ती आहे. वीट ठेवून तिच्यावर मोड आलेलं बेणं बसवायचं आणि भोवती मातीचा ढीग करायचा. मुळं विटेच्या कडेने खाली जमिनीत उतरली की वरची माती पाण्याने धुऊन टाकायची. स्टोलॉन (कंद धरणाऱ्या जमिनीखालच्या आडव्या फांद्या) उघडे पडतात, त्यांच्या टोकाला कंद फुगू लागला की खुडून टाकायचा. झाड मग फुलतच राहतं. टोमॅटोच्या खुंटावर बटाट्याचं कलम केलं तरी हाच परिणाम साधतो.

आता प्रत्यक्ष संकर. मादी झाडावर उद्या उमलेल अशी कळी निवडा: पाकळ्यांचा रंग दिसतो आहे पण तोंड मिटलेलं. एका घोसात अशा ४-५ कळ्या ठेवून उमललेली फुलं आणि बारीक कळ्या काढून टाका. टोकदार चिमट्याने पाकळ्या बाजूला करून पाचही परागकोश बुडाशी धरून उपटायचे. मधल्या कुक्षीवृंताला धक्का लागला तर ती कळी गेली असं समजा. परागकोश अजून हिरवट पिवळे असले पाहिजेत. त्यांच्या टोकाची छिद्रं उघडली असतील तर उशीर झाला.

पराग या टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतो, त्यामुळे नुसतं ब्रश फिरवून फारसा मिळत नाही. झाड थरथरवावं लागतं. नुकत्या उमललेल्या फुलाच्या देठाला विजेच्या टूथब्रशची पाठ लावा आणि खाली जिलेटीनची रिकामी कॅप्सूल धरा, पिवळी पूड तिच्यात पडते. नाहीतर परागकोश काढून रात्रभर कागदावर सावलीत सुकवायचे आणि सकाळी बारीक चाळणीतून झटकायचे. सिलिका जेलसोबत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलेला पराग आठवडाभर सहज चालतो, फ्रीझरमध्ये काही महिने.

सकाळच्या गारव्यात कुक्षी कॅप्सूलमध्ये हलकेच बुडवा. कुक्षी चिकट आणि चकचकीत असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पराग लावला की बी जास्त धरतं. लेबलवर आधी मादी, मग नर, मग तारीख, आणि तेही पेन्सिलीने, कारण शाई पावसात धुपते. आठवड्याभरात देठ सांध्यातून गळलं नाही तर फळ धरलं. तिसऱ्या आठवड्यात घोसाला मलमलीची पिशवी बांधा. फळं न सांगता गळतात, आणि जमिनीवर पडलेलं फळ कोणत्या संकराचं हे कुणालाच सांगता येत नाही.

परागकण

छान सविस्तर. एक गोष्ट संकराच्याही आधी करायला हवी: पराग जिवंत आहे का ते पाहणं. काचपट्टीवर थोडा पराग घ्या, अॅसिटोकार्माइनचा एक थेंब टाका, पाच-दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सक्षम कण गोल, भरलेले आणि लाल दिसतात. वांझ कण सुरकुतलेले आणि फिके. बटाट्याच्या कितीतरी नामांकित वाणांचा पराग कामाचा नसतो. रसेट बरबँक हे त्याचं ठळक उदाहरण. उलट १९३२ साली आलेलं कटाडिन पुढच्या अनेक वाणांच्या वंशावळीत दिसतं.

नरवंध्यत्वाचं मूळ पुष्कळदा पेशीद्रव्यात असतं आणि पेशीद्रव्य फक्त आईकडून येतं. सोलॅनम डेमिसम या जंगली जातीतून करपा-प्रतिकार आला आणि त्या वाटेवर डेमिसम मादी म्हणून वापरली गेली असेल, तर तिचं पेशीद्रव्यही वंशात उतरतं. सोलॅनम स्टोलोनिफेरममधून आलेल्या वाय विषाणूच्या प्रतिकाराबाबतही हेच घडलेलं आहे. अशी मादी निवडली की तिच्या बहुतेक लेकी फक्त मादी म्हणूनच वापरता येतात आणि दोन पिढ्यांनंतर सगळे चांगले क्लोन (एकाच रोपाच्या कंदांपासून वाढवलेली झाडं) एकाच बाजूला जमतात. म्हणून प्रतिकारक पालकाचा पराग चांगला असेल तर त्याला नर करा.

नरवंध्य मादीचा एक फायदाही आहे. परागकोश उपटायची गरज नाही, नुसता पराग लावला की झालं. सुपीक मादीचे परागकोश मात्र न चुकता काढायचेच. बटाट्यात स्वपरागण होतं आणि त्यातून आलेली रोपं खुरटी निघतात.

अठ्ठेचाळीस

आता गणित, कारण इथे लोक भाताचे किंवा टोमॅटोचे आकडे लावतात आणि फसतात. लागवडीचा बटाटा चतुर्गुणित आहे, ४८ गुणसूत्रं, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या चार प्रती. प्रतिकाराचं प्रभावी जनुक आर मानू.

चारांपैकी एकाच प्रतीत आर असलेला पालक रोगाला बळी पडणाऱ्या पालकाशी जुळवला तर निम्मी रोपं प्रतिकारक. दोन प्रतींत असेल तर प्रमाण ५:१. तीन प्रतींत असेल तर जवळपास सगळी.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. करपा, वाय विषाणू आणि सूत्रकृमी असे तीन वेगवेगळे प्रतिकार एका वाणात हवे आहेत. पालकांत मिळून प्रत्येक जनुकाची एकच प्रत असेल तर १००० रोपांतून तिन्ही असलेली सुमारे १२५. प्रत्येकाच्या दोन प्रती एका पालकात असतील तर सुमारे ५७९. उत्पन्न, आकार, साठवण, चव यांची निवड त्यानंतर करायची आहे. १२५ मधून ती करणं आणि ५७९ मधून करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन प्रतींचा पालक मिळवायचा असा: एकेक प्रत असलेले, पण एकमेकांशी नातं नसलेले दोन प्रतिकारक क्लोन जुळवा. प्रतिकारक संततीपैकी एक तृतीयांशात दोन प्रती येतात. दिसायला सगळी सारखीच, म्हणून प्रत्येकाचा बळी पडणाऱ्या वाणाशी चाचणी संकर करून ४० रोपं मोजा. २० च्या आसपास प्रतिकारक निघाली तर एक प्रत, ३३ च्या आसपास निघाली तर दोन. प्रयोगशाळा हाताशी असेल तर मार्कर, म्हणजे जनुकाजवळची डीएनएतली खूण, वापरा. वाय विषाणूच्या अँडिजेना जातीतल्या जनुकासाठी आरवायएससी३, स्टोलोनिफेरममधल्या जनुकासाठी वायईएस३-३ए आणि सोनेरी सूत्रकृमीच्या एच१ जनुकासाठी ५७आर हे रुळलेले मार्कर आहेत. पण मार्कर म्हणजे जनुक नव्हे. आपल्या पालकांत तो खरोखर प्रतिकारासोबत जातो का हे आधी थोड्या रोपांवर पडताळून घ्या.

नवांकुर

कंदमूळ, फळं मिळाली पण बी उगवत नाही. काही बिया महिनाभर तशाच पडून आहेत. कुठे चुकतंय?

कंदमूळ

ताज्या बियांना सुप्तावस्था असते, कधी कधी सहा महिन्यांची. चूक काढण्याआधी पद्धत बघू.

फळ साधारण सहा आठवड्यांनी बोटाने दाबलं की मऊ लागतं. खुडून आणखी आठवडाभर तसंच पिकू द्या. मग कुस्करून थोड्या पाण्यात एक-दोन दिवस आंबवा, म्हणजे बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. पाण्याने धुवा. भरलेल्या बिया तळाशी बसतात, पोकळ तरंगतात. कागदावर सावलीत सुकवा. एका फळात साधारण १०० ते २०० बिया निघतात आणि एका ग्रॅममध्ये दीड हजाराच्या वर मावतात, त्यामुळे फुंकर जपून. फळ खायचं नाही, त्यात विषारी ग्लायकोअल्कलॉइड असतात.

सुप्तावस्था मोडायला जिबरेलिक आम्लाचं १५०० पीपीएम द्रावण, म्हणजे लिटरला दीड ग्रॅम. पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घाला. बिया २४ तास भिजवा, धुवा, लगेच पेरा. खोली अर्धा सेंटिमीटर, तापमान १५ ते २० अंश. २५ च्या वर उगवण ढासळते, आणि तुमच्या बाबतीत बहुधा सुप्तावस्था आणि उष्णता दोन्ही एकत्र आली आहेत. पेरणीचं मिश्रण निर्जंतुक नसेल तर रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. पाणी खालून द्या.

आणखी एक. खऱ्या बियातून बहुतेक विषाणू पुढे जात नाहीत हा त्याचा मोठा गुण आहे, पण स्पिंडल ट्युबर व्हायरॉइड (विषाणूहूनही साधा रोगकारक) जातो, बियातूनही आणि परागातूनही. पालकांची त्यासाठी तपासणी केल्याशिवाय एकही संकर करू नका. त्यावर औषध नाही.

सरीवरंबा

निवडीच्या टप्प्यांबद्दल लिहितो. ढोबळ चौकट अशी: पहिल्या वर्षी कुंडीत रोपं, प्रत्येकाचा एक कंद राखायचा. दुसऱ्या वर्षी शेतात प्रत्येक क्लोनचं एक झाड, दोन झाडांत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून, म्हणजे काढणीत कंद एकमेकांत मिसळत नाहीत. तिसऱ्या वर्षी ६ ते ८ झाडं. चौथ्या वर्षी २० झाडांची दोन पुनरावर्तनं (एकाच चाचणीच्या दोन प्रती). नंतर वेगवेगळ्या जमिनींवर चार पुनरावर्तनांच्या चाचण्या. संकरापासून वाणापर्यंत दहा-बारा वर्षं धरून चालायचं.

माझ्या मते कुंडीतच कडक निवड करावी. जागा कुणाकडे अमर्याद नसते. ज्या रोपाला वाटाण्याएवढे कंद लागले ते शेतात कशाला न्यायचं?

वाफसा

सरीवरंबा, इथे ठामपणे असहमत. कुंडीतला कंद किती मोठा आणि शेतातलं उत्पन्न किती यांचा संबंध फार कच्चा आहे. दहा सेंटिमीटरच्या कुंडीत लवकर कंद धरणारी रोपं मोठे कंद देतात, उशिरा येणारी मागे पडतात. तुम्ही उत्पन्न निवडतो आहोत असं समजता आणि प्रत्यक्षात लवकर येणं निवडता. दुसऱ्या वर्षीच्या एकेका झाडाचंही तेच. अंतर जास्त असल्याने फोफावणारं झाड भरपूर कंद देतं, दाट लागवडीत ते शेजाऱ्याचं खाऊन वाढलेलं असतं की स्वतःच्या बळावर हे कळत नाही.

या दोन वर्षांत फक्त ठळक दोष असलेले काढा: खोल डोळे, बेढब गाठाळ कंद, भेगा, फार लांब स्टोलॉन, जमिनीतच पुन्हा मोड फुटलेले कंद.

जागेची काटकसर रोपांत नाही, संकरांत करा. आधी पुष्कळ संकर करा आणि प्रत्येकाच्या फक्त ३० ते ५० बिया पेरा. कुटुंबाची सरासरी बघा: करप्याला किती टिकलं, कंद किती आणि कसे. सरासरी विश्वासार्ह असते, कारण ती अनेक रोपांवर उभी असते. उत्तम निघालेले तीन-चार संकरच मोठ्या संख्येने पुन्हा पेरा, बाकीच्यांचं बी डब्यात राहू द्या, थंड आणि कोरडं ठेवलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. कमकुवत संकराची दहा हजार रोपं लावली तरी त्यातून हिरा निघायची शक्यता कमीच. बटाट्याच्या पैदाशीत खरी निवड पालक ठरवतानाच होते, शेतात आपण तिचा हिशेब घेतो.

सरीवरंबा

कुटुंबाचा मुद्दा मान्य. सरासरीवर आधी चाळणी लावली तर कुंडीतली चाळणी सैल ठेवता येईल.

पानोपानी

उशिरा येणाऱ्या करप्याच्या तपासणीबद्दल.

पानांवरची चाचणी अशी: ६ ते ८ आठवड्यांच्या झाडाच्या मधल्या उंचीवरची पूर्ण उमललेली पानं घ्या. खालची म्हातारी पानं नकोत, ती प्रतिकारक झाडाचीही बळी पडतात. ट्रेमध्ये ओला टिपकागद, त्यावर पर्णिका उलट्या, मागची बाजू वर. ताज्या डागावरून बुरशीचे बीजाणू पाण्यात धुऊन घ्या आणि मोजणीच्या काचेवर मोजून मिलिलिटरला सुमारे २०,००० करा. द्रावण ४ अंशांवर दोन तास ठेवा, म्हणजे पोहणारे बीजाणू सुटतात. प्रत्येक पर्णिकेवर १० मायक्रोलिटरचा एक थेंब. ट्रे झाकून १५ ते १८ अंशांवर. सहाव्या-सातव्या दिवशी डागाचा व्यास आणि पांढरी बुरशी दोन्ही नोंदवा. बारीक काळा ठिपका आणि बुरशी नाही, याचा अर्थ आर जनुकाने पेशी मारून रोग तिथेच रोखला. डाग पसरला पण बुरशी विरळ, ही वेगळी आणि बरेचदा जास्त टिकाऊ गोष्ट आहे.

इथेच मोठा सापळा आहे. डेमिसममधून आलेली आर१ ते आर११ ही जनुकं एकेकटी वापरली गेली आणि त्यातली बरीचशी रोगाने काही वर्षांत निष्प्रभ केली. आर८ मात्र बराच काळ टिकलं. हंगेरीतल्या पैदाशीतून आलेलं सार्पो मिरा टिकून राहिलं, त्याचं एक कारण म्हणजे त्यात अनेक प्रतिकार-जनुकं एकत्र आहेत. शिवाय एक बलवान जनुक झाडात असलं की त्याच्या आडोशाला पार्श्वभूमीचा बहुजनुकीय प्रतिकार दिसतच नाही, आणि ते जनुक कोलमडलं की झाड उघडं पडतं. म्हणून चाचणीला रोगाच्या बुरशीचा असा नमुना वापरा जो पालकांतल्या ओळखीच्या जनुकांना आधीच भेदतो. नमुना आपल्या परिसरातलाच हवा. बाहेरून आणला तर ए१ आणि ए२ हे दोन लिंगप्रकार एकत्र येऊ शकतात, आणि त्यांच्या मिलनातून होणारे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात.

शेतातल्या चाचणीत दर काही ओळींनंतर बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावा, तिथून रोग सगळीकडे सारखा पसरतो. फवारणी नाही. दर आठवड्याला पानांचा किती टक्के भाग गेला ते लिहा. लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले मधले दिवस, आणि सगळ्यांची बेरीज. आकडा जितका लहान तितका प्रतिकार चांगला. नुसता शेवटचा आकडा फसवतो, कारण शेवटी बहुतेक सगळं जळालेलं असतं.

आणि परिपक्वतेकडे डोळेझाक करू नका. उशिरा येणारी वाणं करप्याला जास्त टिकाऊ वाटतात. पाचव्या गुणसूत्रावर परिपक्वता ठरवणारं जनुक प्रतिकाराच्या जागेजवळच आहे, शिवाय उशिरा येणारं झाड मुळातच जास्त दिवस कोवळं असतं. फक्त कमी आकडा निवडत गेलात तर पाच वर्षांनी हातात फार उशिरा येणारे, काढणीला हिरवेगार असलेले क्लोन उरतात. लवकर, मध्यम आणि उशिरा असे तीन गट करा आणि तुलना गटाच्या आतच.

पानं टिकली म्हणून कंद टिकेलच असं नाही. धुतलेले कंद त्याच द्रावणात बुडवून, ओलाव्यात १५ अंशांवर ठेवून दोन आठवड्यांनी कापून बघा. ही वेगळी चाचणी आहे, ती टाळू नका.

नवांकुर

मग सरळ जंगली जातीशीच संकर करून ताजं जनुक आणलं तर?

अठ्ठेचाळीस

करता येतं, पण दोन अडथळे. पहिला म्हणजे बी धरणं. गुणसूत्रांचा आकडा जुळला तरी बीच्या गाभ्याचं संतुलन जुळावं लागतं. त्यासाठी प्रत्येक जातीला एक अंक देतात. लागवडीचा बटाटा ४ अंकाचा. डेमिसम षट्‌गुणित असली तरी अंक ४, म्हणून थेट जुळते. सोलॅनम बल्बोकॅस्टॅनमचा अंक १, थेट संकरात बी भरत नाही. तिच्यातलं एक जनुक सेतू-संकरांतून (मध्ये दुसऱ्या जाती घेऊन टप्प्याटप्प्याने केलेले संकर) वाणात यायला चार दशकांहून जास्त काळ लागला, बायोनिका आणि टोलुका ही त्याची फळं. तिच्यातलं दुसरं जनुक पेशी-संयोगातून, म्हणजे दोन्हींच्या पेशी प्रयोगशाळेत एकत्र करून, आलं.

दुसरा अडथळा म्हणजे जनुकासोबत येणारं नकोसं सामान: लांब स्टोलॉन, बारीक कंद, कडवटपणा. लेनापी हे वाण १९६७ मध्ये आलं, चिप्ससाठी उत्तम होतं, पूर्वजांत सोलॅनम चाकोएन्स. ग्लायकोअल्कलॉइडचं प्रमाण जास्त निघालं आणि १९७० मध्ये मागे घ्यावं लागलं. १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात २० मिलिग्रॅम ही मानलेली मर्यादा आहे. जंगली रक्त असलेला प्रत्येक क्लोन तिसऱ्या-चौथ्या वर्षीच तपासून घ्या. दहा वर्षं पोसल्यावर हे कळणं फार महाग पडतं. आणि जंगली रक्त कमी करायला संततीचा चांगल्या वाणाशी पुन्हा संकर कराल, तेव्हा दरवेळी वेगळं वाण घ्या. त्याच त्याच वाणाशी केला तर अंतःप्रजननाने जोम जातो आणि उत्पन्न बसतं.

वाफसा

उत्पन्नाच्या चाचणीत निकाल बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बेणं. एका क्लोनचं बेणं स्वच्छ आणि दुसऱ्यात लीफरोल (पानं गुंडाळणारा विषाणू) असेल तर तुम्ही क्लोन नव्हे, विषाणू मोजता. तुलनेसाठी ठेवलेलं ओळखीचं वाणही त्याच शेतात वाढवलेलं, त्याच शीतगृहातलं, त्याच वयाचं असावं. बाहेरून आणलेलं चांगलं बेणं विरुद्ध घरचं थकलेलं, अशी चाचणी वायाच. बेणं अखंड, ४० ते ६० ग्रॅमचं. कापलेलं नको, कापातून बांगडी रोग पसरतो.

कडेच्या ओळी मोजू नका. किती झाडं उगवली ते महिन्याने मोजून लिहा. दोन संच ठेवा, एक फवारलेला, एक न फवारलेला. दोन्हींतला फरक हीच प्रतिकाराची खरी किंमत. न फवारलेल्यात पहिला आलेला क्लोन फवारलेल्यात तळाला असेल तर त्याला पालक म्हणून ठेवा, वाण म्हणून नाही.

घनता घरच्या घरी मोजता येते. धुतलेले ३००० ग्रॅम बटाटे पाण्यात बुडवून तोला. पाण्यात २२२ ग्रॅम भरले तर ३००० भागिले २७७८, म्हणजे १.०८०. घन पदार्थ साधारण २० टक्के. पोकळ कंद आधी कापून वगळा, नाहीतर आकडा खाली येतो.

नवांकुर

दहा वर्षं क्लोन स्वच्छ कसे राखायचे? मावा तर येतोच.

परागकण

चाचणीचं बेणं आणि मूळ साठा वेगळे ठेवा. चाचणीतला कंद पुन्हा मूळ साठ्यात कधीच आणायचा नाही. मूळ साठा जाळीघरात, प्रत्येक क्लोनची ४-५ झाडं, दर हंगामात प्रत्येक झाडाची एलायझा (विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली) चाचणी. जागा कमी असेल तर ऊतिसंवर्धनाच्या नळ्यांत ठेवा. पाला माव्याचे थवे यायच्या आधी कापून टाका आणि कंद साल पक्की होईपर्यंत जमिनीत राहू द्या.

चांगला क्लोन विषाणूग्रस्त झालाच तर रोपं ३५ ते ३७ अंशांच्या उष्णतेत काही आठवडे ठेवून शेंड्याचं ०.२ ते ०.४ मिलिमीटरचं टोक कापून वाढवतात. तुकडा जितका लहान तितका स्वच्छ, पण तितकाच जगायला अवघड, म्हणून एका क्लोनचे २०-३० तुकडे घ्या आणि वाढलेल्या प्रत्येक रोपाची दोनदा तपासणी करा. व्हायरॉइड या उपायाने भरवशाने जात नाही. तो सापडला तर तो क्लोन आणि त्याच्याशी केलेल्या सगळ्या संकरांचं बी जाळून टाका, आणि चाकू-चिमटे ब्लीचच्या द्रावणात बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.